संगणकाच्या भाषा : काही रुजतात, काही का रुजत नाहीत?

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडमधून बाहेर पडले की समोरच्या एखाद्या माडीवर हमखास एक पाटी दिसते. ‘कॉम्प्युटर क्लास. सी, जावा, पायथन शिका.’ दहावी झालेल्या मुलाचा बाप ती पाटी वाचतो, फी विचारतो आणि कोड्यात पडतो. ह्यांतली कोणती भाषा मुलाला शिकवावी? फी भरायची ती कांदा विकून आलेल्या पैशांतून. उद्या ती भाषाच मागे पडली, तर पैसे गेले आणि पोराचे वर्षही गेले. मग तो शाळेत येऊन गुरुजींना विचारतो. आणि गुरुजींनाही नेमके काय सांगावे हे उमगत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे जायला हवे. संगणकाच्या भाषा गेल्या सत्तर वर्षांत शेकड्यांनी निघाल्या. त्यांतल्या मोजक्याच रुजल्या. बाकीच्या कुठे गेल्या? त्या वाईट होत्या का? तसे मुळीच नाही. काही तर टिकलेल्या भाषांपेक्षाही सरस होत्या. मग असे का झाले?

आधी घरातलेच एक उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या वेळची खरेदीखते मोडी लिपीत असतील. मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. लेखणी फारशी न उचलता कारकून ओळच्या ओळ लिहून काढी. हाताने लिहायचे तर बाळबोधीपेक्षा मोडी सोयीची. पण पुढे छापखाने वाढले आणि छपाईला बाळबोध सोयीची ठरली. शाळेची पुस्तके बाळबोधीत, वर्तमानपत्र बाळबोधीत. ज्याला वाचायचे त्याला बाळबोध शिकावीच लागे. मग दोन-दोन लिप्या शिकायच्या कशाला, असे झाले आणि मोडी हळूहळू मागे पडली. तिच्यात खोट होती म्हणून ती गेली नाही. गाडी ज्या रस्त्याने निघाली, त्या रस्त्यावर ती नव्हती, एवढेच. ही गोष्ट मनात ठेवा. संगणकाच्या भाषांचेही पुष्कळसे असेच आहे.

आता संगणकाची भाषा म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. संगणकाला मुळात फक्त आकडे कळतात, तेही शून्य आणि एक एवढेच. सुरुवातीच्या काळी माणसे आकड्यांच्याच लांबलचक याद्या करून यंत्राला काम सांगत. एक आकडा चुकला की सारा हिशेब चुके, आणि चूक शोधण्यात दिवसचे दिवस जात. तेव्हा युक्ती निघाली ती अशी. माणसाने आपल्याला समजेल अशा ठरावीक शब्दांत लिहावे, उदाहरणार्थ ‘मजुरी = दिवस × दर’; आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करण्याचे काम यंत्राकडेच सोपवावे. असे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला आपण अनुवादक म्हणू. लिहिण्याचे नियम म्हणजे भाषा. भाषा आणि तिचा अनुवादक ही बैलजोडी आहे. नुसती भाषा कागदावर कितीही सुंदर असो, तिचा अनुवादक तुमच्या यंत्रावर चालत नसेल तर ती पंचांगातल्या पावसासारखी. वाचायची, पण भिजायचे नाही.

ह्या प्रकारची पहिली मोठी भाषा म्हणजे फोरट्रान. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस ह्यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती तयार केली. काम १९५४ साली सुरू झाले आणि १९५७ साली ती आय.बी.एम. ७०४ ह्या यंत्रावर लोकांच्या हाती आली. त्या वेळी जाणकारांना मोठी शंका होती. यंत्राने केलेले रूपांतर माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांइतके वेगवान कसे असेल, असे ते म्हणत. यंत्राचा एकेक तास महाग होता, त्यामुळे शंका रास्तच होती. बॅकस ह्यांनी नेमके हेच ओळखले. भाषा देखणी करण्यापेक्षा अनुवादक चांगला करण्यावर त्यांनी भर दिला. त्याने केलेले काम कसलेल्या माणसाच्या कामाच्या जवळपास वेगवान निघाले, आणि शंका घेणारे गप्प झाले. शिवाय त्या काळी अशा आज्ञावलीचे वेगळे पैसे पडत नसत. यंत्र घेतले की फोरट्रान त्याबरोबरच येई. आपल्याकडेही हेच घडले. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले, आणि शास्त्रज्ञ त्यावर फोरट्रानमध्ये गणिते मांडू लागले.

फोरट्रानच्याच काळात दुसरी एक भाषा जन्माला आली. तिचे नाव अल्गॉल. १९५८ साली झुरिचला युरोप-अमेरिकेचे विद्वान एकत्र बसले. पुढे १९६० च्या जानेवारीत पॅरिसला तेरा जणांनी बसून तिचा मसुदा पक्का केला. भाषेचे नियम इतक्या काटेकोरपणे मांडण्याचा पायंडा ह्याच मसुद्याने घातला. आज्ञांचे नीट गट पाडावेत, प्रत्येक गटाला आरंभ आणि शेवट असावा, ही शिस्त तिच्यात होती. मोठमोठ्या नियतकालिकांत गणिताच्या रीती अल्गॉलमध्येच छापून येत. विद्वानांच्या दृष्टीने ती फोरट्रानपेक्षा कितीतरी उजवी.

आणि तरी अमेरिकेत चालली ती फोरट्रानच. असे का, ते पाहा. अल्गॉलच्या मसुद्यात एक मोठी उणीव राहिली. यंत्राला माहिती कशी द्यायची आणि उत्तर कागदावर कसे उमटवायचे, ह्याचे नियमच त्यात नव्हते. हे ज्याने त्याने आपापल्या यंत्रापुरते ठरवावे, असा कर्त्यांचा विचार. म्हणजे पंप उत्तम दिला, पण पाइप ज्याचा त्याने आणावा. मग प्रत्येक कारखानदाराने निराळी रीत काढली, आणि एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर जसेच्या तसे चालेना. दुसरे कारण असे की आय.बी.एम.च्या गिऱ्हाइकांनी तोवर हजारो रुपयांचे, खरे म्हणजे हजारो डॉलरांचे काम फोरट्रानमध्ये करून ठेवले होते. त्यांच्या संघाने आधी अल्गॉलला होकार दिला, आणि नंतर केलेले काम वाया जाईल म्हणून पाय मागे घेतला. शेतकऱ्याला हे सांगायला नको. नवे अवजार कितीही चांगले असो, त्यासाठी चालू विहीर बुजवायला कोणी तयार होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरकारने हुकूम काढला तर? तेही करून झाले आहे. एकदा ते साधले, एकदा फसले. दोन्ही वेळा हुकूम काढणारे एकच, अमेरिकेचे संरक्षण खाते.

पहिली हकीकत कोबॉल ह्या भाषेची. बँका, विमा, पगारपत्रके, कोठारांचे हिशेब असल्या कामांसाठी १९५९ साली संरक्षण खात्याच्या पुढाकाराने एक समिती बसली. ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी आधी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची एक भाषा केली होती. तिचा मोठा प्रभाव ह्या नव्या भाषेवर पडला. १९६० साली मसुदा निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकच आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. त्या काळी ही मोठी नवलाई होती. मग खात्याने सांगितले की ज्या यंत्रावर कोबॉल चालत नाही, ते आम्ही सहसा विकत किंवा भाड्याने घेणार नाही. त्या वेळी यंत्रांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच. कारखानदारांनी मुकाट्याने अनुवादक तयार केले. आणि एकदा ते तयार झाल्यावर बँकांनाही मिळाले, विमा कंपन्यांनाही मिळाले. विद्वानांनी कोबॉलकडे पाहून नाके मुरडली. तिच्यात फार शब्द आहेत, पाल्हाळ आहे, असे ते म्हणत. पण हिशेबनीस मंडळींना ती वाचता येत होती.

दुसरी हकीकत एडा ह्या भाषेची. १९७० नंतरच्या दशकात ह्याच खात्याच्या लक्षात आले की आपल्या निरनिराळ्या यंत्रणांत शेकडो भाषा झाल्या आहेत. एकाचे काम दुसऱ्याला कळत नाही. तेव्हा स्पर्धा ठेवून, पुष्कळ छाननी करून एक भाषा निवडली. तिचे प्रमाण रूप १९८३ साली ठरले. भाषा खरोखर चांगली होती. चुका आधीच पकडण्याकडे तिचा विशेष कटाक्ष. विमाने आणि आगगाड्यांच्या यंत्रणांत ती आजही वापरतात. खात्याने तीच वापरण्याचा हुकूमही काढला. पण १९९७ साली तो मागे घ्यावा लागला.

एकाच खात्याचा हुकूम एकदा चालला, एकदा चालला नाही. फरक कशात होता? १९६० साली बाजारात मोठे गिऱ्हाईक एकच. १९८३ सालापर्यंत छोटे संगणक दुकानांत आले होते, घराघरांत शिरत होते, आणि संरक्षण खाते हे अनेकांतले एक गिऱ्हाईक उरले होते. शिवाय एडाचे सुरुवातीचे अनुवादक महाग आणि जड. ज्या विद्यार्थ्याला घरी बसून शिकायचे, त्याच्या आवाक्यात ती नव्हतीच. म्हणजे हुकुमाने भाषा दारापर्यंत येते. घरात घ्यायची की नाही ते घरचे लोक ठरवतात.

त्याच सुमाराला घरात सहज शिरलेली भाषा म्हणजे सी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी ती १९७२ च्या सुमारास घडविली. ती घडविली ती जगाला वाटण्यासाठी नव्हे. त्यांना व त्यांच्या सोबत्यांना युनिक्स नावाची यंत्र चालविणारी व्यवस्था लिहायची होती. १९७३ साली युनिक्स सी भाषेत नव्याने लिहून झाली. आता योगायोग पाहा. बेल प्रयोगशाळा ज्या टेलिफोन कंपनीची होती, तिच्यावर १९५६ च्या एका कोर्टाच्या तडजोडीने बंधन होते. टेलिफोनखेरीज दुसरा धंदा तिला करता येत नव्हता. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अगदी अल्प मोबदल्यात मिळे, आणि तीही मूळ लिखाणासकट. विद्यार्थी ती उघडून पाहत, वाचत, दुरुस्त करीत. वाचायची तर सी यायलाच हवी. १९७८ साली रिची आणि ब्रायन कर्निगन ह्यांचे सव्वादोनशे पानांचे आटोपशीर पुस्तक निघाले. तीच मुले शिकून कारखान्यांत गेली आणि आपली भाषा बरोबर घेऊन गेली. माहेरचे वळण सासरी जाते, तसेच हे.

जावास्क्रिप्ट ह्या भाषेचेही असेच. १९९५ साली ब्रेंडन आइक ह्यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत केला. घाईतल्या कामाचे दोष तिच्यात राहिले, ते आजही लोक दाखवून देतात. पण इंटरनेटची पाने दाखविणाऱ्या ब्राउझरच्या आतच ती बसविलेली होती. पानावर काही हलते-बोलते करायचे तर तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलवर सातबारा पाहण्याचे पान उघडले, तरी त्यामागे ती कुठे ना कुठे राबत असतेच.

शिक्षक मित्रांनी मुद्दाम ऐकावी अशी आता एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ हे दोन गणिताचे प्राध्यापक. संगणक हा फक्त शास्त्रज्ञांपुरता राहू नये, इतिहास-साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही तो हाताळता यावा, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी बेसिक ही सोपी भाषा केली, आणि १ मे १९६४ रोजी ती पहिल्यांदा चालली. पुढे घरगुती छोटे संगणक निघाले, त्यांत बहुधा बेसिक आधीच घातलेली असे. बटण दाबले की भाषा हजर. भारत सरकारने १९८४ साली शाळांत संगणक देण्याची क्लास नावाची योजना काढली. तेव्हा इंग्लंडहून बी.बी.सी. मायक्रो नावाची यंत्रे आली, आणि त्यांतही बेसिकच होती. त्या पिढीतल्या कित्येकांचा संगणकाशी पहिला परिचय झाला तो असा. भाषा निवडण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. यंत्रात जी होती, ती त्यांची भाषा झाली.

शेवटची गोष्ट आजच्या पाटीवरच्या पायथनची. तिच्याआधी हॉलंडमध्ये आम्सटरडॅमच्या गणितसंस्थेत ए.बी.सी. नावाची भाषा केली होती. नवशिक्यांसाठी फार विचारपूर्वक केलेली, वाचायला स्वच्छ. पण ती बंद वाड्यासारखी होती. कर्त्यांनी दिले तेवढेच त्यात. बाहेरच्याला एखादी खोली वाढवायची म्हटले तर वाव नव्हता. ती फारशी पसरली नाही. त्या कामात असलेले एक तरुण गृहस्थ, ग्वीदो व्हान रॉसम, ह्यांनी ए.बी.सी.तले चांगले ते घेतले आणि १९८९ च्या नाताळच्या सुटीत नवी भाषा लिहायला घेतली. १९९१ साली त्यांनी ती मूळ लिखाणासकट इंटरनेटवर सर्वांना फुकट दिली. ह्या वाड्याला मात्र चारी बाजूंनी दारे होती. कोणीही यावे आणि आपली खोली बांधावी. शास्त्रज्ञांनी मोठ्या आकडेमोडीची सोय बांधली, दुसऱ्यांनी आलेख काढण्याची, तिसऱ्यांनी आणखी काही. पंधरा-वीस वर्षे हे काम मुंगीच्या पावलाने चालले. मग माहितीच्या मोठ्या साठ्यांवर काम करण्याचा काळ आला, यंत्राला शिकविण्याचा काळ आला, तेव्हा लागणारी अवजारे पायथनमध्ये तयार होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीला आधी सी प्लस प्लस शिकवीत. आता तिथे पायथन आहे.

पण जुने मोडण्याची किंमत पायथनलाही चुकली नाही. २००८ साली तिची तिसरी आवृत्ती निघाली. ती दुसरीशी पूर्णपणे जुळत नव्हती. लोकांना जुने काम पुन्हा लिहावे लागले. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबली. म्हणजे एवढी लाडकी भाषा, पण आपल्याच माणसांना एका घरातून दुसऱ्या घरात न्यायला तिला अकरा वर्षे लागली.

आता ह्या सगळ्याचे सार काय? आठवड्याचा बाजार कुठे भरतो, ते आठवा. जिथे जागा उत्तम तिथे भरतो असे नाही. जिथे रस्ता येतो, गिऱ्हाईक आहे म्हणून विकणारे येतात, आणि विकणारे आहेत म्हणून गिऱ्हाईक येते, तिथे तो भरतो. भाषेचेही तसेच. कोणाचे तरी अडलेले काम ती आज करून देते, हाताशी असलेल्या यंत्रावर चालते, स्वस्त किंवा फुकट मिळते, तिच्यात भर घालता येते, आणि आधी केलेले वाया जात नाही. एवढे जुळले की माणसे जमतात. माणसे जमली की पुस्तके येतात, शिकविणारे येतात, अडले तर विचारायला शेजारी मिळतो. आणि एकदा बाजार भरू लागला की तो सहजी हलत नाही, जागा कितीही गैरसोयीची असो.

म्हणूनच जुन्या भाषा एकदम मरतही नाहीत. कोबॉल घ्या. जुन्या आज्ञावलींत वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले असल्याने २००० साल उजाडण्याआधी जगभर धावपळ झाली. त्या दुरुस्तीचे काम आपल्याकडच्या शिकलेल्या मुलांना भरपूर मिळाले. आणि २०२० साली साथीच्या दिवसांत अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात बेकारांच्या भत्त्याची यंत्रणा अर्जांच्या गर्दीने तुंबली, तेव्हा कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, अशी जाहीर विनंती खुद्द तिथल्या राज्यपालांना करावी लागली. जमिनीचा जुना कागद निघाला की आपण मोडी वाचणाऱ्याला शोधत फिरतो. त्यांचेही तसेच झाले.

तर मग त्या बापाला काय सांगायचे? गुरुजी, त्याला एवढे सांगा की पाटीवर भाषांची नावे किती आहेत ते मोजू नको. चार प्रश्न विचार. शिकलेले घरच्या किंवा शाळेच्या यंत्रावर करून पाहता येईल का? भाषा फुकट मिळते का? अडले तर मराठीतून समजावणारे कोणी जवळ आहे का? आणि मुलाला जे करायचे आहे, ते काम लोक ह्या भाषेत करतात का? ह्या चारांची उत्तरे होकारार्थी असली, तर ती भाषा आजच्या कामाला पुरेशी.

आणि दुसरे त्याहून महत्त्वाचे. भाषा बदलत राहणार. पण भाषेखालचा विचार बदलत नाही. मोठ्या कामाचे लहान तुकडे करणे, अट घालणे, तेच काम ठरल्या वेळा पुन्हा करविणे, उत्तर बरोबर आहे का ते पडताळणे, हे सर्व भाषांत सारखेच. ते ज्या मुलाला उमगले, त्याला दुसरी भाषा थोड्या दिवसांत येते. ज्याने नुसते शब्द पाठ केले, त्याची फी मात्र खरोखरच वाया गेली.

मघाशी आपण अल्गॉलला हरलेली म्हणून सोडून आलो. पण ती खरोखर हरली का? आज्ञांचे गट पाडण्याची तिची शिस्त, नियम मांडण्याची तिची रीत, ही पुढे सी मध्ये उतरली, जावामध्ये उतरली, जवळजवळ प्रत्येक नव्या भाषेत उतरली. त्या नावाने आज कोणी क्लास काढत नाही, पण तिचे वाण सगळ्या शिवारात पेरलेले आहे. शिक्षकाच्या कामाचेही असेच असते. विद्यार्थी पुढे कोणत्या भाषेत काम करतील हे आपल्या हाती नाही. ते नीट विचार करतील की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे.